१५३ सिग्नल, नऊ खडे: मेटल डिटेक्टरनं सोनं शोधण्याच्या कामाच्या नोंदी

तयारी

जागा: पूर्वी सोन्यासाठी खणून झालेली एक घळ, लांबी साधारण १२० मीटर. घळीच्या एका बाजूला गारगोटीच्या तुकड्यांनी भरलेला उतार. खाली उभ्या पदरांचा पाटीचा दगड, त्यावर कुठे वीतभर तर कुठे गुडघाभर लाल मुरूम. जमीनमालकाची लेखी परवानगी आणि शोधाचा परवाना हातात आल्यावरच यंत्राला सेल घातले. हे आधी उरकावं. खड्डा खणल्यावर परवानगी मागायला गेलं की ती मिळत नाही.

यंत्रं दोन. लहान यंत्र व्हीएलएफ जातीचं, म्हणजे जमिनीत सतत लहर सोडणारं, आणि त्या जातीत उंच फ्रिक्वेन्सीचं. सोन्यासाठी ही फ्रिक्वेन्सी मुद्दाम उंच ठेवतात, कारण बारीक सोन्याला नाण्यांसाठीची सात-आठ किलोहर्ट्झची यंत्रं नीट दाद देत नाहीत. फिशर गोल्ड बग २ हे ७१ किलोहर्ट्झवर चालतं, माइनलॅब गोल्ड मॉन्स्टर १००० हे ४५ वर. सोबत दोन कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायच्या, आत तारेचं वेटोळं असलेल्या चकत्या: २५ बाय १५ सेंटीमीटरची लंबगोल आणि १३ सेंटीमीटरची गोल. मोठं यंत्र जुनं पल्स इंडक्शनचं, म्हणजे सतत लहरीऐवजी तुटक झटके सोडणारं, २८ सेंटीमीटरची मोनो (एकाच वेटोळ्याची) कॉइल लावलेलं. खोलवरच्या मोठ्या तुकड्यासाठी ते ठेवलं.

बाकी सामान: रुंद पात्याचा टिकाव, दांड्याच्या टोकाला घट्ट बसवलेलं निओडिमियम चुंबक, प्लॅस्टिकची सुपली, प्लॅस्टिकचा कागद, हेडफोन, दोन मीटर साखळी, दोरी, झाकणाची प्लॅस्टिकची डबी आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा.

चाचणीसाठी शिशाचे छर्रे हातोडीनं चपटे करून ०.१, ०.३, १ आणि ३ ग्रॅमचे तुकडे केले आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवले. खरं सोनं हाताशी असेल तर उत्तमच. नसेल तर शिशावर काम भागतं, डिटेक्टरच्या कानाला दोन्ही जवळपास सारखीच लागतात. याच कारणामुळे पुढे बंदुकीचे छर्रे डोकं उठवणार आहेत.

दिवस १. घळ. ६ तास, ४१ सिग्नल, सोनं शून्य

पहिला दीड तास फुकट गेला. उजवीकडे कॉइल गेली की दर दुसऱ्या झोक्याला टोकदार आवाज. जमीन उकरली, काही नाही. कॉइल बदलली, तेच. शेवटी लक्षात आलं की उजवा पाय पुढे असतानाच यंत्र ओरडतंय: बुटाच्या टोकात पोलाद. बूट बदलले आणि आवाज थांबला. मग पट्ट्याचं बक्कल, खिशातली किल्ली आणि फोनही काढून ठेवले. फोनमुळे बारीक खरखर येते. तो जवळ ठेवायचाच असेल तर एअरप्लेन मोडवर, पाठीवरच्या पिशवीत.

उरलेल्या साडेचार तासांतला माल: खिळे १९, पत्र्याचे तुकडे ८, शिशाच्या गोळ्या आणि काडतुसांची टोपणं ९, तार आणि इतर ५.

लोखंड वगळण्याची सोय सुरू ठेवली असती तर निम्मे खड्डे वाचले असते. ती मुद्दाम बंद ठेवली. लाल, लोहाच्या मातीत खोलवरचा किंवा फारच बारीक सोन्याचा तुकडा पुष्कळदा लोखंड म्हणूनच दाखवला जातो, आणि यंत्राचं ऐकून पुढे गेलं की तो तिथेच राहतो. खिळा काढायला दोन मिनिटं लागतात. ढिगाऱ्यात चुंबक फिरवलं की तो चिकटून येतो, शोधावा लागत नाही.

जुनी घळ म्हणजे सोनं हमखास, हा समज पहिल्याच दिवशी मोडला. आधीच्यांनी तळखडकापर्यंत खरवडून नेलंय आणि मागे कचरा ठेवलाय.

दिवस २. चाचणी. ५ तास, खणणं नाही

काल कॉइल जमिनीपासून नेमकी किती वर होती, हेच कुणाला सांगता येईना. म्हणून आज फक्त चाचणी.

पाच खड्डे केले. चारांत शिशाचे पुठ्ठे पुरले, पाचवा रिकामाच बुजवला. हा रिकामा खड्डा फार महत्त्वाचा ठरला, कारण त्यातूनही आवाज आला. लोहाची माती उकरून परत भरली की आजूबाजूच्या घट्ट जमिनीहून ती वेगळी वागते. पाचवा खड्डा नसता तर मातीचाच आवाज शिशाचा समजला गेला असता. त्यामुळे खाली लिहिलेले आकडे रिकाम्या खड्ड्याशी ताडून घेतलेले आहेत.

लहान यंत्र, लंबगोल कॉइल: ०.१ ग्रॅम दोन सेंटीमीटरवर स्वच्छ, चारवर अंधुक, सहावर काहीच नाही. १ ग्रॅम अकरा सेंटीमीटरवर स्वच्छ. मोठं यंत्र: ०.१ ग्रॅम कुठेच नाही, अगदी पृष्ठभागावरही नाही. ३ ग्रॅम पंचवीस सेंटीमीटरवर हेडफोनमध्ये नीट ऐकू आला. हे आकडे या मातीचे आणि या यंत्रांचे आहेत, दुसरीकडे नव्यानं काढावे लागतील.

मग तोच ०.१ ग्रॅमचा तुकडा दोन सेंटीमीटरवर ठेवून कॉइल तीन बोटं वर धरून फिरवली. आवाज गायब. कॉइल जमिनीला जवळजवळ घासत नेली पाहिजे, आणि झोक्याच्या दोन्ही टोकांना ती उचलली जाता कामा नये. हात थकला की नेमकी टोकाशीच ती वर जाते, झोपाळ्यासारखी. काल सहा तास बहुधा असंच चाललं होतं.

वेगही तपासला. एका बाजूकडून दुसरीकडे जायला तीन सेकंद घेतली तर अंधुक आवाज टिकतो. एका सेकंदात झाडू मारल्यासारखं फिरवलं की तो चार सेंटीमीटरवरचा ०.१ हरवतो.

दिवस ३. हॉट रॉक. ५ तास, १७ सिग्नल, सोनं शून्य

घळीच्या वरच्या टोकाला सतरा वेळा खणलं आणि चौदा वेळा हातात दगड आला. आवाज करणाऱ्या दगडांना सगळीकडे हॉट रॉकच म्हणतात. इथे ते तीन प्रकारचे निघाले.

पहिला, तांबूस गोटे, सुपारीएवढे. धातूसारखाच 'टिप' असा आवाज. कॉइल हळूहळू वर उचलली की पाचएक सेंटीमीटरवर तो एकदम मरतो. धातूचा आवाज उंचीबरोबर बारीक होत जातो, पण असा तुटत नाही.

दुसरा, काळा आणि हाताला जड: मॅग्नेटाइट. कॉइल त्याच्यावरून जाताना हेडफोनमधली यंत्राची सततची मंद गुणगुण खाली बसते आणि पुढे गेल्यावर उसळी मारते. आवाज दगडाच्या दोन्ही कडांना येतो, मधोमध येत नाही. एकदा कानात बसला की यावर पुन्हा कुदळ उचलावी लागत नाही.

तिसरा दगड नव्हेच. जुन्या शेकोटीची किंवा जळालेल्या बुंध्याखालची भाजलेली माती. आवाज पसरट, हातभर रुंद, टोक नसलेला. अशी तीन ठिकाणं खणून झाल्यावर माती विटकरी दिसली तेव्हा उलगडा झाला.

आजची मोठी चूक: गोट्यांचा त्रास थांबावा म्हणून गोट्यावरच ग्राउंड बॅलन्स केला, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज वगळायची जुळणी. गोटे गप्प झाले, यंत्र छान शांत, आणि काम दीड तास सुखात चाललं. मग शंका आली म्हणून चाचणीचा ०.१ चा पुठ्ठा टाकून पाहिला तर तोही गप्प. बॅलन्स नेहमी स्वच्छ जमिनीवर करायचा: आजूबाजूला धातू नाही याची खात्री करून, कॉइल जमिनीपासून दोन सेंटीमीटर ते वीतभर अशी खालीवर करत, गुणगुण दोन्हीकडे सारखी राहीपर्यंत. मातीचा रंग बदलला की पुन्हा. ते दीड तासाचं सगळं क्षेत्र बाद धरलं.

दिवस ४. ३ तास, तेही दुरुस्तीत

यंत्र सकाळपासून बेताल. गवताची काडी लागली तरी आवाज. यंत्र बिघडलं असं धरून सेल बदलले, सेटिंग मूळपदावर आणलं, पूर्ण बंद करून चालू केलं. उपयोग नाही.

बिघाड शोधायचा क्रम शेवटी असा बसला. कॉइल हवेत स्थिर धरायची: शांत, म्हणजे आजूबाजूच्या विजेचा त्रास नाही. केबल हातानं हलवायची: किंचित खरखर. केबल दांड्यावर सैल गुंडाळली होती, ती घट्ट करून वेल्क्रोनं तीन ठिकाणी बांधली. मग बोटानं कॉइलच्या खालच्या संरक्षक तबकडीवर टकटक: प्रत्येक टकटकीला आवाज. तबकडी काढली तर आत चमचाभर काळी रेती. लोहाची ती रेती कॉइलला चिकटून बसली होती आणि प्रत्येक धक्क्याला सरकत होती.

धुऊन, पुसून, वाळवून तबकडी परत बसवली आणि कडेनं साधी प्लॅस्टिकची चिकटपट्टी फिरवली. चंदेरी पट्टी नको, तिच्यात धातूचा पातळ थर असू शकतो. हे काम दहा मिनिटांचं होतं.

दिवस ५. उतार. ७ तास, २३ सिग्नल, सोनं ०.२१ ग्रॅम

घळ सोडली. घळीत जे सोनं आलं ते वरून कुठून तरी आलं. गारगोटीचे तुकडे उतारावर वरपर्यंत दिसतात आणि तिथे जुन्या खड्ड्यांच्या खुणा नाहीत. शिवाय उतारावर मुरूम पातळ आहे, काही जागी पाटीच्या दगडाच्या उभ्या कडाच वर आलेल्या. वाहत्या पाण्यात अशा कडा आडव्या फळीचं काम करतात. जड सोनं त्यांच्या फटीत अडकतं आणि हलकी माती पुढे जाते.

उतारावर २० मीटर लांब, सव्वा मीटर रुंद अशा दोऱ्यांच्या पट्ट्या आखल्या. कमरेला साखळी बांधून ती मागे ओढत चालायचं, म्हणजे कुठपर्यंत झालं त्याची रेघ मातीत उमटते. साखळी कॉइलपासून दीड मीटर तरी मागे हवी. प्रत्येक झोक्याला अर्धी कॉइलच पुढे सरकायची. डीडी (एकमेकांवर चढलेल्या दोन वेटोळ्यांच्या) कॉइलची ताकद मधल्या रेषेत असते, मोनो कॉइलची खाली निमुळती होत जाते. दोन्हींत झोके एकमेकांवर चढवले नाहीत तर मध्ये न पाहिलेले पट्टे राहतात. खणणं सोडून एका पट्टीला ३५ ते ४० मिनिटं. घळीत तेवढ्या वेळात चौपट जागा 'संपवली' होती, म्हणजे काहीच संपवलं नव्हतं.

चौथी पट्टी, वरून साडेसहा मीटर. आवाज बारीक पण दोन्ही दिशांनी सारखा. कॉइल नव्वद अंश फिरवून परत पाहिलं, तोच बिंदू. वरचा दोन सेंटीमीटर मुरूम बुटानं सरकवला: आवाज जागेवरच, थोडा मोठा. चुंबक फिरवलं, काही चिकटलं नाही. टिकावानं चार सेंटीमीटर काढून माती एका बाजूला प्लॅस्टिकच्या कागदावर घेतली आणि खड्डा पुन्हा ऐकला. आवाज अजून खड्ड्यातच. खाली दगडाची कड, तिच्यात बोटाचं नख जाईल एवढी फट, फटीत घट्ट लाल माती. फट स्क्रूड्रायव्हरनं उकरली. तो बाजूला ठेवायचं राहिलं, म्हणून पुढची पाच मिनिटं यंत्र स्क्रूड्रायव्हरचाच आवाज देत राहिलं.

माती सुपलीत घेतली, सुपली कॉइलवरून नेली: आवाज. निम्मी माती हातावर ओतली, सुपली परत नेली: गप्प. म्हणजे हातावरच्या निम्म्यात. तिचे पुन्हा दोन भाग. चौथ्या वाटणीला चिमूटभर माती उरली, आणि ती तळहातावर अंगठ्यानं पसरताना एक कण सरकला नाही. बाकीची माती अंगठ्याबरोबर गेली, तो तिथेच बसून राहिला. फुंकर मारली तरी हलला नाही. ०.२१ ग्रॅम, मसुरीच्या डाळीएवढा, एक कड वळलेली.

खोली सहा सेंटीमीटर. आवाज ऐकल्यापासून डबीत जाईपर्यंत अठरा मिनिटं.

दिवस ६. पाऊस. काम नाही. संध्याकाळी थोडा वेळ यंत्र लावून पाहिलं. ओल्या लाल मातीत गुणगुण इतकी डगमगते की संवेदनशीलता दोन घरं खाली आणावी लागली, आणि मग बारीक सोनं लागणार नाही. एक दिवस जमीन वाळू दिली.

दिवस ७. ७ तास, ३६ सिग्नल, तीन तुकडे: ०.३४, ०.१२, ०.५८ ग्रॅम

पट्ट्या ५ ते ९. ०.१२ चा तुकडा सुपलीतून निसटला आणि परत सापडायला वीस मिनिटं लागली. माती कागदावर एका ढिगात ठेवली होती म्हणूनच सापडला. चौफेर उडवलेल्या मातीत तो गेला असता. माती खड्ड्याच्या एकाच बाजूला, आणि ढीग संपेपर्यंत दुसरा सिग्नल नाही.

छर्रे आज सात. शिसं आणि सोनं आवाजावरून वेगळं ओळखता येत नाही, तसं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. हातात आल्यावर मात्र सोपं: शिसं राखाडी, वर पांढुरकी साय. सोनं मातीतून निघालं तरी पिवळंच. चमकणारा पिवळा गंधकाचा दगड, पायराइट, बहुतेक वेळा आवाजच देत नाही, आणि सुईनं टोचला तर भुगा होतो. सोन्यावर सुईचा खळगा पडतो.

आठव्या पट्टीत कान फाटेल असा आवाज आला. डबा असणार म्हणून सोडून द्यावं असं वाटत होतं. खणलं, डबाच निघाला. तरी खणलं ते बरोबरच. व्हिक्टोरियातल्या किंगोवरजवळ १९८० मध्ये डिटेक्टरनं सापडलेला 'हँड ऑफ फेथ' २७ किलोचा आहे, आणि तेवढं सोनं जमिनीत डब्यासारखंच ओरडत असणार.

रात्री चारही तुकड्यांच्या जागा चौकटीच्या कागदावर मांडल्या. चारही एका तिरक्या ओळीत, उतारावर वर जाणाऱ्या. खालचे दोन गुळगुळीत, कडा घासलेल्या. वरचे दोन खडबडीत, आणि ०.५८ च्या एका खाचेत गारगोटीचा पांढरा कण. सोनं जितकं खडबडीत तितकं मूळ शिरेच्या, म्हणजे खडकातल्या सोनं धरलेल्या गारगोटीच्या पट्ट्याच्या, जवळ. ही ओळ आधीच मांडली असती तर पट्ट्या ५ आणि ६ चा खालचा भाग टाळता आला असता, साधारण दीड तास.

दिवस ८. खरवडणं. ६ तास, २२ सिग्नल, चार तुकडे: ०.०९, ०.१५, ०.२७, ०.११ ग्रॅम

ओळीच्या वरच्या टोकाला तीन बाय चार मीटरचा तुकडा निवडला. लहान यंत्राला बारीक सोनं चार-पाच सेंटीमीटरच्या खाली ऐकू येत नाही हे दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. मग जमीनच खाली आणायची. फावड्यानं आठ सेंटीमीटर मुरूम एका बाजूच्या पट्टीतून काढून बाहेर टाकला, ती पट्टी १३ सेंटीमीटरच्या गोल कॉइलनं पाहिली, मग शेजारच्या पट्टीचा मुरूम पाहून झालेल्या पट्टीवर. असं केलं की माती दोनदा उचलावी लागत नाही. बाहेर टाकायच्या आधी प्रत्येक फावडं कॉइलखालून पसरवलं. ०.०९ त्यातच मिळाला.

०.१५ चा तुकडा खिळ्याखाली होता. खिळा निघाल्यावर सवयीनं खड्डा बुजवायला घेतला होता, तेवढ्यात कॉइल पुन्हा फिरवली गेली. मोठा आवाज बाजूला झाल्यावर मागे बारीक राहिला होता. पहिल्या दिवशीच्या १९ खिळ्यांचे खड्डे असे परत ऐकले नव्हते. त्याचं काही करता येत नाही, ते बुजले.

सहा तास कंबर मोडून ०.६२ ग्रॅम. जिथे आधी सोनं निघालंय तिथेच हे करावं, अंदाजानं नाही.

दिवस ९. मोठं यंत्र. ६ तास, १४ सिग्नल, एक तुकडा गारगोटीसह

शीर वर कुठे तरी आहे असं धरून ओळीच्या पुढे सहा मीटर वर मोठं यंत्र लावलं. दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालू ठेवली तर एकमेकांत घुसतात. ४० मीटरवरही ऐकू आलं, म्हणून लहान यंत्र बंद केलं. मोनो कॉइल या मातीत फार कुरकुरते. झोका आणखी संथ केला, पाच सेकंदांचा, आणि गुणगुण जेमतेम कानाला लागेल इतकी खाली आणली. हेडफोनशिवाय हे शक्य नाही.

दुपारनंतर एका जागी आवाज आला नाही, गुणगुणच किंचित वाकली. तिन्ही झोक्यांना त्याच ठिकाणी. खोल तुकडा असाच बोलतो. दहा सेंटीमीटर माती काढल्यावर वाकणं जरा ठळक झालं, वीसवर स्पष्ट आवाज, पंचवीसवर… काहीच नाही.

इथे पाऊण तास गेला. ढीग दोनदा पाहिला, चुंबक फिरवलं, खड्डा रुंद केला. कारण साधं होतं. कॉइल उताराला समांतर धरली जाते, म्हणून ती जे दाखवते ते उताराला काटकोनात आत असतं. खड्डा मात्र सरळ खाली खणला जातो. वीस अंशांच्या उतारावर ३८ सेंटीमीटर खोलीला हा फरक १३ सेंटीमीटर, चढाच्या बाजूला. गोल कॉइलचं लहान यंत्र खड्ड्यात उतरवून भिंती ऐकल्या तेव्हा चढाकडची भिंत बोलली.

भिंतीतून मुठीत मावेल असा गारगोटीचा ढेकळा निघाला. माती धुतल्यावर एका भेगेत पिवळी रेघ, दुसऱ्या बाजूला तीळभर दाणे. ढेकळा फोडला नाही. सोनं गारगोटीत विखुरलेलं असलं की आवाज त्याच्या वजनाच्या मानानं क्षीण येतो, कारण सुटे दाणे एकमेकांना जोडलेले नसतात. त्यामुळे आत किती आहे हे आवाजावरून ठरत नाही.

एकूण वेळ २ तास १० मिनिटं. बाकीचे तेरा सिग्नल: लोखंड आठ, शिसं दोन, गोटे तीन.

दिवस १०. धुणं आणि वजन

सुटे आठ तुकडे कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रशनं धुतले. लाल गंज चिकटलेले तीन लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवले. गारगोटी विरघळवणारं हायड्रोफ्लुओरिक आम्ल घरात आणू नये, ते कातडीतून हाडापर्यंत जातं. जागेवरच्या वजनांची बेरीज १.८७ ग्रॅम होती, धुतल्यावर १.७९. माती आणि गंज ०.०८.

गारगोटीतलं सोनं न फोडता मोजायचं तर हवेतलं आणि पाण्यातलं वजन लागतं. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा. मग तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचा, तळाला किंवा कडेला न टेकवता. काट्यावर जो आकडा येतो तो तुकड्याच्या आकारमानाचा, ग्रॅम तेवढे घनसेंटीमीटर. सोन्याची घनता १९.३ आणि गारगोटीची २.६५ धरली की हिशोब असा पडतो: हवेतलं वजन गुणिले १.१६, वजा हा आकडा गुणिले ३.०७.

हवेत १२.४० ग्रॅम. पाण्यात पहिल्यांदा आकडा आला ३.९०, म्हणजे सोनं अडीच ग्रॅमच्याही आत. भेगेतलं सोनं डोळ्यांना त्याहून जास्त दिसत होतं. नीट पाहिलं तर भेगांत हवेचे बुडबुडे. तुकडा रात्रभर पाण्यात भिजू दिला, पेल्यात साबणाचा एक थेंब टाकला, ब्रशनं बुडबुडे सोडवले. नवा आकडा ३.३०, सोनं सुमारे ४.२५ ग्रॅम. नैसर्गिक सोन्यात चांदी असते, त्यामुळे घनता १९.३ पेक्षा कमी भरते. १७.५ धरून केलं तर ४.३१ येतं. फरक नगण्य. गारगोटीत लोहाचे खनिज दाणे दिसत असतील तर मात्र हा हिशोब सोनं फुगवून दाखवतो, या तुकड्यात ते दिसले नाहीत.

दिवस ११. बुजवणं. ४ तास

सगळे खड्डे बुजवले, खरवडलेला चौकोन मुरूम पसरून मूळ उंचीला आणला. कचरा गोळा केला, साडेतीन किलो लोखंड आणि पत्रा. तो तिथेच टाकला तर पुढच्या वेळी तेच खिळे पुन्हा खणावे लागतात.

हिशोब: शोधकामाचे ४५ तास, त्यातले साधारण सात तास बूट, रेती, चुकीचा बॅलन्स आणि तिरका खड्डा यांत गेले. सिग्नल १५३, सोनं नऊ वेळा. सुटं १.७९ ग्रॅम आणि गारगोटीत अंदाजे सव्वाचार. सोन्याचा औंस ३१.१ ग्रॅमचा असतो, त्याचा हा पाचवा हिस्सा.

उतारावरच्या पट्ट्या १० ते १४ राहिल्यात. ढेकळा निघाला त्या जागेच्या वर सहा मीटरवर एक खुंटी ठोकून ठेवलीय, लाकडी. तिथून आडव्या पट्ट्या घ्यायच्या, आधी मोठं यंत्र, मग खरवडून लहान.